आबांची गीतमालेची वही आणि शेवटच्या पानावरच्या रेघा

हळदगल्ली

२०१९ च्या महापुरात आमच्या सांगलीतल्या घरात पुरुषभर पाणी होतं. ओसरल्यावर चिखलातून जे काढलं त्यात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक लांबट वही निघाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, अडतीवर जमाखर्चाला वापरतात तसली. पानं पंख्याखाली वाळवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिली. आबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ती उघडायचा धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात उघडली.

हिशेब असतील असं वाटलं होतं. निघाली बिनाका गीतमाला.

आबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. पेढीवर मर्फीचा रेडिओ होता. बुधवारी रात्री आठ वाजता फळ्या लावून आबा आणि दोघे हमाल आत बसायचे आणि रेडिओ सिलोनवरची ही हिंदी सिनेगीतांची क्रमवारी ऐकायचे, एवढं मला आईकडून माहीत होतं. ते सगळं लिहून घेत होते हे आईलाही कधी कळलं नाही. डावीकडं क्रमांक, मधे गाणं, उजवीकडं मागच्या बुधवारचा क्रमांक. गाणं वर चढलं असेल तर तांबड्या शाईत. बाजूला कुठंही शेरा नाही, कौतुक नाही. नुसती नोंद.

शाई फुटलीय, तरी वर्षाअखेरची काही पानं लागतात. दुहेरी रेघ मारलेली पहिल्या क्रमांकाची गाणी अशी आहेत: १९५७ ला ‘जरा सामने तो आओ छलिये’, १९५८ ला ‘है अपना दिल तो आवारा’, १९५९ ला ‘हाल कैसा है जनाब का’, १९६० ला ‘जिंदगी भर नहीं भूलेगी वो बरसात की रात’, १९६३ ला ‘जो वादा किया वो निभाना पड़ेगा’, १९६४ ला ‘बोल राधा बोल’, १९६६ ला ‘बहारों फूल बरसाओ’. मधली पानं एकमेकांना चिकटून बसलीत, ती सोडवायची कशी हेही कुणी सांगा.

पहिला प्रश्न असा. १९५७ म्हणजे ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’ यांचं वर्ष. त्या सगळ्यांना मागं टाकून ‘जनम जनम के फेरे’ नावाच्या सिनेमाचं गाणं पहिलं कसं आलं? आबांची नोंद चुकली का? आणि हे क्रमांक ठरायचे तरी कसे?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. वहीच्या शेवटच्या पानावर मथळा आहे ‘आपली गाणी’. खाली पाच गाणी आणि प्रत्येकापुढं पाच-पाचच्या जुड्या करून रेघा, पोती मोजताना मारतात तशा. रेघांच्या खाली बारीक अक्षरं: रे, ब, ज, ल, शा. गाणी ही: ‘बुगडी माझी सांडली गं’, ‘गंगा यमुना डोळ्यात उभ्या का’, ‘माझी मैना गावावर राहिली’, ‘जय जय महाराष्ट्र माझा’, आणि या चार मराठी गाण्यांच्या रांगेत एकच हिंदी, ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’. हे हिंदी गाणं ‘आपलं’ कसं? सर्वांत जास्त रेघा ‘बुगडी’ला आहेत. ‘गंगा यमुना’ला फक्त एक, आणि तिच्याखालचं अक्षर वेगळंच आहे: ‘बे’.

सिलोनची_लहर

दादा, आधी एक विनंती. चिकटलेली पानं ओढू नका. सांगलीत किंवा मिरजेत जुन्या पोथ्यांचं काम करणारं कुणी असेल तर त्यांनाच दाखवा. ही वही मोलाची आहे.

आबांची नोंद चुकलेली नाही. १९५७ चं वार्षिक पहिलं गाणं ‘जरा सामने तो आओ छलिये’ हेच. एस. एन. त्रिपाठींचं संगीत, भरत व्यासांचे शब्द, लता आणि रफी. बाकीची वर्षंही बरोबर आहेत.

क्रमांकाचं सांगतो. गीतमाला ३ डिसेंबर १९५२ ला सुरू झाली. नभोवाणी खात्याचे तेव्हा बा. वि. केसकर मंत्री होते आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार बंद झालं होतं. ऐकणारे सगळे सिलोनकडं वळले. सुरुवातीला कार्यक्रमात चढाओढ नव्हती. सात गाणी उलटसुलट लावायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी सांगायचे की पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५,००० येऊ लागली. ती पत्रं उघडून, तपासून, निकाल लावायचं काम तेव्हा विशीतल्या त्या माणसाच्या अंगावर होतं, आठवड्याला २५ रुपयांवर. पुढं १९५४ पासून क्रमवारी आली आणि ‘पायदान’, म्हणजे क्रमवारीतली पायरी, हा शब्द घराघरात पोचला.

क्रमवारीला दोन आधार होते. एक म्हणजे देशभरातल्या दुकानांकडून येणारे रेकॉर्डविक्रीचे आकडे. पण एखाद्या गाण्याची रेकॉर्ड दुकानात संपलेलीच असेल तर मागणी असूनही विक्री शून्य दिसणार. म्हणून दुसरा आधार श्रोता संघांचा. गावोगावचे रेडिओ क्लब आपली पसंती कळवायचे. दोन्हींचा मेळ घालून यादी व्हायची. एखादं गाणं ठरावीक आठवडे टिकलं की बिगूल वाजवून त्याला ‘सरताज गीत’ म्हणून मानानं निरोप द्यायचे. तुमच्या वहीत कुठं बिगुलाची खूण आहे का बघा.

आता ५७ चं कोडं. हा माझा अंदाज आहे. ‘नया दौर’मध्ये ‘उड़ें जब जब जुल्फें तेरी’, ‘माँग के साथ तुम्हारा’, ‘ये देश है वीर जवानों का’ अशी एकाहून एक गाणी होती. चाहत्यांची पसंती आपसातच वाटली गेली. छोट्या सिनेमाचं एकच जबरदस्त गाणं असेल तर सगळी मतं एका ठिकाणी पडतात.

तासगावची_मेघना

वाचतेय. मेजर सुंदर धागा आहे हा.

विट्याचा_माईकवाला

दुकानातली विक्री म्हणता, पण आमच्याकडं रेकॉर्ड घेत कोण होतं ते ऐका. घरात फोनो असणारी माणसं गावात एखाददुसरी. खरं गिऱ्हाईक म्हणजे माईकवाले. माझ्या वडिलांचा मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, सगळीकडं आमचा कर्णा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जड तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं, आणि लोखंडी सुई दर बाजूला बदलायची. सुयांची छोटी डबी वडील सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे.

गाणं किती चाललंय ते आम्हाला रेडिओनं सांगावं लागत नव्हतं. तबकडी नवी असते तेव्हा काळीशार चकाकते. सुई फिरून फिरून खाचा झिजल्या की ती करड्या रंगाची पडते आणि आवाजात खरखर येते. जी तबकडी आधी करडी पडली ते गाणं लोकांचं. वडील मग दुसरी प्रत आणायचे. आमच्या पेटीत ‘बुगडी’च्या तीन प्रती आहेत, तिन्ही करड्या. ‘जरा सामने’च्या दोन. त्या गाण्याचं कारण मला वेगळं वाटतं. त्यातला छलिया प्रियकरही असू शकतो आणि देवही. म्हणून ते लग्नातही लागायचं आणि सप्त्यातही, म्हातारी माणसंसुद्धा ‘ते लाव’ म्हणायची. ‘उड़ें जब जब जुल्फें’ सप्त्यात लावून दाखवा!

आणि तुमच्या आबांची अक्षरं मला लगेच कळली हो. रे म्हणजे रेडिओ, ब म्हणजे बँड, ज म्हणजे जत्रा, ल म्हणजे लग्न. गाणं कुठं ऐकलं त्याची खूण. ‘शा’चं मात्र कळत नाही.

हळदगल्ली

माईकवाले काका, अंगावर काटा आला. लगेच वही काढून बसलो. ‘बुगडी’ला ‘ज’च्या रेघा सर्वांत जास्त, मग ‘ल’, मग ‘ब’, आणि ‘रे’ अगदी थोड्या. ‘माझी मैना’ला ‘रे’ एकही नाही. म्हणजे सिलोननं मराठी गाणी मोजली नाहीत म्हणून आबांनी स्वतःच ती मोजायला घेतली होती!

बिगुलाची खूण आहे. मी तिला आतापर्यंत पाच आकडा समजत होतो.

जाता_साताऱ्याला

माझं नावच बघा, म्हणजे कळेल मी का लिहितोय.

‘बुगडी’ १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मधली. अनंत माने दिग्दर्शक, गीत गदिमांचं, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या विजयानंद टॉकीजला हा सिनेमा १३१ आठवडे चालला. आता आबांच्या १९५९ च्या पानाकडं बघा. त्या वर्षी गीतमालेत पहिलं आलं ‘हाल कैसा है जनाब का’, किशोरकुमार आणि आशा भोसले. ‘बुगडी’ कुणी गायली? आशा भोसलेंनीच. एकाच वर्षी एकच आवाज सिलोनच्या शिखरावर आणि आमच्या जत्रांच्या कर्ण्यावर. आणि जन्म कुठला? सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३.

तो ठसका ऐका. ‘सांडली’ म्हणताना गळ्यात जो लाडिक हेलकावा आहे त्यात बुगडी हरवल्याचं दुःख कुठंच नाही, उलट ती कशी हरवली हे लपवण्याची घाई आहे. गदिमांनी ‘म्हाताऱ्याला’ हा शब्द यमकासाठी आणलाय असं वाटतं, पण सगळी गंमत त्याच शब्दात आहे. साताऱ्यातल्या आमच्या आज्जीच्या कानाच्या वरच्या पाळीत मोत्याची बुगडी होती. गाणं लागलं की ती हात लावून बघायची, आहे ना जागेवर.

वाईकर_प्रवीण

‘जय जय महाराष्ट्र माझा’बद्दल एवढंच: शब्द राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, गायक शाहीर साबळे, आमच्या वाईजवळच्या पसरणीचे. २०२३ साली ते राज्यगीत झालं. गीतमालेच्या कुठल्या पायदानावर ते कधी उभं राहिलं नाही, आणि आज सरकारी समारंभात त्याला सगळे उभे राहतात.

वाळवेकर

मला ‘गंगा यमुना’ आणि ‘माझी मैना’वर लिहायचंय. दोन्ही आमच्या वाळवा तालुक्याची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून.

‘गंगा यमुना डोळ्यात उभ्या का’ लिहिणारे पी. सावळाराम येडेनिपाणीचे. खरं नाव निवृत्ती रावजी पाटील, जन्म १९१४. वसंत प्रभूंची चाल, लताबाईंचा आवाज. पुढं ते ठाण्याचे नगराध्यक्ष झाले, जनकवी म्हणून ओळखले गेले, पण ‘जा मुली जा’ म्हणणारी जी आई त्यांनी लिहिली ती कृष्णाकाठचीच आहे.

‘माझी मैना’ अण्णा भाऊ साठेंची छक्कड. ते वाटेगावचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती गावोगाव गाजली. मुंबईला पोटासाठी गेलेल्या गड्याची बायको गावाला राहिली, इथून ती सुरू होते, आणि तीच मैना शेवटी बेळगाव-कारवार होते. ‘रे’ची रेघ नाही यात नवल नाही. सरकारच्या विरोधातलं गाणं सरकारी रेडिओ कशाला लावेल? ते मैदानात ऐकायचं, तोंडातून तोंडात जायचं. हजारो माणसांना ते पाठ होतं आणि दुकानातल्या विक्रीत त्याची पैची नोंद नाही.

आणखी एक. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. तोही वाळवा तालुका. त्यांची लावणी गाजली तेव्हा रेडिओच नव्हता. एका तालुक्यातली ही तीन माणसं आणि तिघांचंही यश कुठल्या क्रमवारीत मावत नाही. आबांच्या रेघा म्हणूनच मला फार मोठ्या वाटतात. त्या काळात आपल्या भागात कुणीतरी हे मोजत बसलं होतं.

सिलोनची_लहर

वाळवेकर, पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो. गीतमाला हिंदी सिनेगीतांची होती आणि जाहिरातदाराच्या पैशावर चालायची. मराठीला तसा कार्यक्रम मिळाला नाही, कारण आकाशवाणीवर जाहिरातीच नव्हत्या. विविध भारतीवर त्या आल्या १९६७ ला. मराठीला मिळालं ते वेगळंच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर गीतरामायण, ५६ गीतं, गदिमा आणि सुधीर फडके. लोक रेडिओला हार घालून ऐकायचे. तिथं पहिला-दुसरा क्रमांक कोण लावणार?

मिरजेची_तंबोरी

‘ऐ मालिक’ आपलं आहेच, गदिमांनी लिहिलंय ते! ‘दो आँखें बारह हाथ’ गदिमांचा.

माणदेशी_माती

तंबोरीताई, थोडी दुरुस्ती. गदिमांची ती कथा-पटकथा. गाणं भरत व्यासांचं, संगीत वसंत देसाईंचं. पण ‘आपलं’ हा शब्द आबांनी अगदी तोलून लिहिलाय, आणि ते का, हे मी सांगू शकतो. मी आटपाडीचा.

औंध संस्थान होतं तेव्हा आटपाडी त्या संस्थानात होती. १९३९ मध्ये तिथं स्वतंत्रपूर वसवलं. औंधच्या राजांची साथ आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाची कल्पना. कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचं. कुलूप नाही, बेड्या नाहीत, बायकामुलांसह राहायचं, शेती करायची, पिकवलेलं विकायचं. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं ज्वारी राखत होती. माझे आजोबा त्यांच्याकडून भाजी घ्यायचे. ती वसाहत आजही आहे.

गदिमा जन्मले शेटफळ्याला, गाव माडगूळ, दोन्ही आटपाडी तालुक्यात. शाळा औंधला. स्वतंत्रपूर त्यांच्या अंगणातलं. त्यातूनच ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा आली: सहा कैदी, एक जेलर, उघडं रान. शांतारामबापूंनी १९५७ ला सिनेमा काढला. बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्याला इजा झाली होती. पुढच्या वर्षी बर्लिनला चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. कैदी जिथं हात जोडतात ती प्रार्थना म्हणजे ‘ऐ मालिक’. माणदेशातल्या माळावर जे घडलं त्याचं ते गाणं आहे. मग ते हिंदीत असलं म्हणून काय झालं?

आणि १९५७ चं पान परत बघा. त्या वर्षी पहिला क्रमांक मिळालेलं ‘जरा सामने’ही भरत व्यासांचंच. एकाच कवीची एकाच वर्षातली दोन गाणी. एक आबांच्या वहीत दुहेरी रेघेवर, दुसरं शेवटच्या पानावर.

‘शा’ म्हणजे शाळा. आमच्या शाळेत रोज सकाळी म्हणायचो.

आबा मूळचे कुठले हो?

हळदगल्ली

खरसुंडीच्या बाजूचे. दुष्काळात घर सोडून सांगलीला आले, हळदीच्या पेठेत पोती शिवण्यापासून सुरुवात केली. आटपाडीचं ते कधी फारसं बोलले नाहीत.

‘ऐ मालिक’पुढं सगळ्या रेघा ‘शा’च्याच आहेत. पेढीवर जाताना वाटेत शाळा लागायची. प्रार्थनेच्या वेळी तिथून गेले की ते थांबत असणार. माणदेशी दादा, तुमचे उपकार कसे फेडू?

आता फक्त ‘बे’ उरलं.

तासगावची_मेघना

बेडग? मिरजेजवळ आहे. तिथल्या एखाद्या लग्नात ऐकलं असेल.

वाळवेकर

किंवा बेळगाव. पण मग ‘माझी मैना’पुढं असायला हवं होतं.

विट्याचा_माईकवाला

मला एक खटकतं. ‘गंगा यमुना’ तर पाठवणीचं गाणं. त्या काळात आमच्या भागात पाठवणीला ते लावलं नाही असं लग्न विरळा. वडील म्हणायचे, हे लावलं की मांडवातला पुरुषसुद्धा उपरणं डोळ्याला लावतो. आबांनी ते पन्नास वेळा ऐकलं असणार. मग रेघ एकच का? घरात कुणाला तरी विचारा.

हळदगल्ली

काका, तुमचं ऐकून काल आत्याला फोन केला. आबांची धाकटी बहीण, आता ब्याऐंशी वर्षांची आहे. सगळे तिला बेबीआत्या म्हणतात. फोन लावेपर्यंत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी सगळी यादी वाचून दाखवली. ‘गंगा यमुना’ म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “माझ्या लग्नात लावलं होतं. त्यानंच सांगितलं होतं माईकवाल्याला. भावानं गाडीबरोबर वेशीपर्यंत यायचं असतं. दादा आलाच नाही. मी मागं वळून वळून बघत होते. गाडी ओढ्याच्या पलीकडं गेली तरी कर्णा ऐकू येत होता. मला वाटलं, रुसला माझ्यावर. नंतर थोरली वहिनी म्हणाली, तो मांडवामागं कर्ण्याच्या पेटीपाशी बसून होता, आणि गाणं संपलं की सुई उचलून परत पहिल्यापासून लावत होता. माईकवाला कावला होता, तबकडी खराब होईल म्हणून.”

मग तिनं विचारलं, त्या रेघेखाली तारीख लिहिलीय का. म्हटलं, नाही, नुसतं ‘बे’ लिहिलंय. तारीख तिनं सांगितली. वाराच्या आणि तिथीच्या सकट. मी ती पेन्सिलीनं रेघेच्या बाजूला लिहून ठेवली आहे. रविवारी वही घेऊन तिच्याकडं जातोय. माईकवाले काका, तुमच्या पेटीत ‘गंगा यमुना’ची तबकडी असेल आणि ती वाजत असेल तर मला कळवा, मी विट्याला येऊन तुम्हाला पेटीसकट गाडीत घेऊन जाईन.

विट्याचा_माईकवाला

आहे. करडी झालीय, पण वाजते. सुया मी आणतो.